पिवळ्यावर की पांढऱ्यावर

अंडं खरकट्याच्या बादलीत गेल्यावर मग फ्रिमेटच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. तोवर हात पुढच्या अंड्याकडे गेलासुद्धा होता. एकेक अंडं पेल्यात फोडायचं, पेला उजेडाकडे धरून हलकेच फिरवायचा, बघायचं, मग वाडग्यात ओतायचं. पहिली काही अंडी बिनबोभाट गेली. मग एकात पिवळ्याच्या कडेला तांबडा ठिपका निघाला, मोहरीएवढासुद्धा नाही. आणि त्या मेल्या हाताने डोक्याला न विचारता पेला बादलीत रिकामा केला, विसळला, पुसला आणि पुढचं अंडं उचललं. वॉर्सात लढाईचा चौथा वसंत चालू होता. लोक बटाट्याच्या साली उकडून खात होते. अशा दिवसांत एका स्वयंपाकिणीने एका ठिपक्यापायी चांगलं धडधाकट अंडं टाकून दिलं. खिडकीशी बसून मालकिणीच्या ईस्टरच्या झग्याला पट्टी घालणाऱ्या झेनोबियाबाईंची सुई थांबली.

"रक्त होतं का ग?" झेनोबियाबाईंनी विचारलं. फ्रिमेटने पुढचं अंडं पेल्यात फोडलं, तेव्हा त्यांनी तंद्रीतच पुढे विचारलं, "पिवळ्यावर की पांढऱ्यावर?"

"कुजकं होतं," फ्रिमेट म्हणाली. "वास मारत होतं."

"असेल बाई," झेनोबियाबाई म्हणाल्या आणि त्यांनी झटकन मान खाली घातली.

या घरात तिला फ्रिमेट म्हणून कुणी ओळखत नव्हतं. ती काझिया होती, काझिमिएरा, लुब्लिनकडच्या खेड्यातली, बाप्तिस्म्याचा दाखला असलेली. तो दाखला ज्या पोरीचा होता ती क्षयाने कधीच मेली होती. तिच्या नावाने फ्रिमेट गुडघे टेकायची, छातीवर क्रूस काढायची, डुकराच्या चरबीत कांदा परतायची आणि बोटं चाटायची. आजसुद्धा, शब्बाथच्या दिवशी, कामाला हात लावायचा नसतो त्या शनिवारी, वल्हांडणाच्या आठवड्यात, तिने सकाळी उठून खमीर भिजवलं होतं आणि ते फसफसलेलं पीठ स्वतःच्या हाताने मळलं होतं. ज्या आठवड्यात आई घरातला पावाचा कण न् कण पिसाने झाडून जाळायची, त्या आठवड्यात. त्या वेळी हात थरथरला नाही. देव बघतो आहे असंही वाटलं नाही. सगळं सोडलं, सगळं गिळलं, आणि शेवटी दगा दिला तो एका पेल्याने. जित्याची खोड म्हणतात ती अशी. कुणी शिकवलं म्हणून ती बघत नव्हती, श्वास घेतल्यासारखी बघत होती. रक्त खायचं नाही, थेंबभरही नाही, म्हणून बघायचं. आईने बघितलं, आजीने बघितलं, अंडं फोडणाऱ्या प्रत्येक ज्यू बाईने आजवर बघितलं. ख्रिस्ती बाई अंडं फोडते ती थेट पिठात. फार तर वास घेते. ठिपक्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

आणि गंमत बघा, म्हणजे रडावं की हसावं अशी गंमत, की याच लोकांवर शेकडो वर्षं आळ होता तो रक्त पिण्याचा. ईस्टर आला की आजीच्या गावात दाराला आडणा पडायचा. कुठेतरी एखादं पोर हरवायचं, नदीत पडायचं, लांडगा न्यायचा, आणि गाव कुऱ्हाडी घेऊन यायचं की ज्यूंनी पोर मारलं, वल्हांडणाच्या भाकरीत रक्त घातलं. गावच्या चर्चमध्ये त्याचं चित्रच होतं भिंतीवर. लांब दाढीचे, वाकड्या नाकाचे म्हातारे एका गोऱ्या पोराला सुया टोचताहेत आणि खाली कुणी वाडगा धरला आहे. आजीच्या थोरल्या भावाला त्या चित्रापायी विहिरीत टाकला होता, वरून दगड घातले होते. आजी हे सांगताना मटार सोलत असायची. शाळेत गेली तेव्हा फ्रिमेटला वाटलं, खेडवळ लोकांचं ते, शहरात काय त्याचं. तर शाळेच्या पुस्तकातच धडा निघाला, खोट्या मापाने दारू विकणाऱ्या ज्यूचा. बाईंनी तो धडा नेमका फ्रिमेटला मोठ्याने वाचायला लावला. तिने खणखणीत वाचला. वर्ग पोट धरून हसला आणि तीही हसली, कारण धडा खरंच गमतीचा लिहिला होता. घरी येऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, "लिहिणाऱ्याचा हात चांगला असतो ग. म्हणून तर लोकांना खरं वाटतं."

खिडकीबाहेर आभाळ काळं होतं. दोन गल्ल्यांपलीकडे भिंत होती आणि भिंतीमागे सोमवारपासून घेटो, ज्यूंना कोंडलेला भाग, जळत होता. जर्मन घर घर करून जाळत होते. धूर इकडे यायचा तेव्हा लेओकाडियाबाई, म्हणजे मालकीणबाई, खिडक्या लावून घ्यायच्या आणि म्हणायच्या की सणासुदीला पडदे धुतले ते पाण्यात गेले. आज त्या ईस्टरच्या अन्नाची टोपली घेऊन चर्चला गेल्या होत्या, पाद्रीबाबांकडून आशीर्वादाचं पाणी शिंपडून घ्यायला. रांग मोठी असते, उशीर होईल म्हणाल्या होत्या. घरात दोघीच. काझियाने बाबका करून ठेवायचा, म्हणजे सणाचा गोड पाव, आणि झेनोबियाबाईंनी झगा संपवायचा. झेनोबियाबाई दर शनिवारी शिवणाला यायच्या. गळ्यात चांदीचा क्रूस, कपाळ मोठं, बोलणं बेताचं. जेवायला बसल्या की इतकी लांब प्रार्थना म्हणायच्या की सूप गार व्हायचं. फ्रिमेट त्यांना टरकून असायची. भाविक बायांचं काही सांगता येत नाही. पाप वाटलं तर सांगून मोकळ्या होतात.

बंदुकीचे बार चालूच होते. मधेच एखादा मोठा धमाका व्हायचा आणि कपाटातल्या बश्या किणकिणायच्या. झेनोबियाबाई शिवत होत्या. टाके लांब पडत होते, हे फ्रिमेटला चुलीपासूनही दिसत होतं. ही बाई आता विचार करते आहे, तिला वाटलं. मनात जुळवते आहे. काझियाचे केस एवढे काळे का, काझिया रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर का बसते, काझियाला पत्र कसं कधी येत नाही. आता काहीतरी बोललं पाहिजे, लगेच, सहज. गप्प बसणं म्हणजे कबुली. आणि मग तिच्या तोंडून जे निघालं ते तिचं नव्हतं. सकाळी कोळसा आणायला गेली तेव्हा इमारतीचा राखणदार वालेंती अंगणात चार लोकांना हसवत होता, त्याचे ते शब्द होते. तिने ते जसेच्या तसे उचलले, त्याच्या हेलासकट.

"काय धूर, काय धूर," ती पीठ मळत म्हणाली. "ढेकणं भाजताहेत, बाई. बरं झालं. आपण मारायला गेलो असतो तर हातच घाण झाले असते."

झेनोबियाबाईंनी वर पाहिलं.

"हो ना," त्या म्हणाल्या.

"आणि अजून कितीतरी असतील इकडे लपलेली, आपल्यातच. मी तर ओळखते हो बरोबर. माझ्या डोळ्यांतून सुटत नाहीत."

हे जरा जास्तच झालं असं तिला वाटलं, पण सोंग आणायचं तर पुरतं आणावं. ओळखणारीला कोण ओळखणार? झेनोबियाबाईंनी झगा खुर्चीवर ठेवला, अगदी नीट, घडी मोडू न देता. "दोरा संपला," त्या म्हणाल्या. "खाली कोपऱ्यावर मिळतो का बघते." आणि गेल्या. जिन्यावर त्यांची पावलं आधी हळू वाजली, मग वाजेनाशी झाली.

गेली. सांगायला गेली. फ्रिमेट पिठात मनगटापर्यंत हात घालून उभी राहिली. पळायचं म्हटलं तर कुठे, आणि हा हात तर बरोबरच येणार. फाटकाशी दोन टोळभैरव कायम उभे असतात, लपलेले ज्यू हुंगून पैसे उकळायचा धंदा आहे त्यांचा. नाक्यावर जर्मन शिपाई आहे. आणि अशा वेळी, जेव्हा डोकं चालायला हवं, तेव्हा तिला दिसायला लागला तो जुना जिना. गेल्या उन्हाळ्यातला, भिंतीच्या आतला. खाली शिट्ट्या, ओरडा, सगळे बाहेर, सगळे खाली. बापाला त्याच्या आधीच्याच वर्षी नेलं होतं. दाढी कापतो म्हणून संगिनीने गालासकट कापली होती आणि तो रक्ताळलेला तुकडा त्याच्याच टोपीत घालून त्याच्या हातात दिला होता. तो त्या जखमेने कुजत कुजत मेला. उरल्या होत्या त्या दोघी मायलेकी. आई बाहेर आली आणि दाराला कुलूप घालायला लागली. चल आई, फ्रिमेट म्हणत होती, कुलूप कशाला. आई म्हणाली, "उघडं घर टाकून कुठं जातात का?" किल्ली फिरेना. कुलूप जुनं होतं, किल्ली थोडी वर उचलून फिरवावी लागायची. वरून उतरणाऱ्या शिपायाने विचारलंही नाही. कपाळात गोळी घातली. आई जिन्याचा एक टप्पा गडगडत गेली आणि वळणावर आडवी झाली, परकर गुडघ्यावर, डोक्यातून येणारं पायरी पायरी उतरत होतं. मागून माणसांचा लोंढा होता, काठ्या होत्या. फ्रिमेट आईला ओलांडून गेली. लहानपणी आई दुपारी जमिनीवर पाठ टेकायची, तेव्हा तिच्या पायांवरून उडी मारली तरी रागवायची, माणसाला ओलांडू नये म्हणायची. तिला ती ओलांडून गेली, आणि पाय घसरू नये म्हणून कठडा धरला. एवढंच त्या वेळी मनात होतं की घसरू नये. चपलेचा तळ चिकट झाला होता आणि पुढे रस्त्यावर प्रत्येक पावलाला तो आवाज करत होता. मालगाड्यांकडे नेताना एका वळणावर ती गटाराच्या जाळीपाशी पडली, मेल्यासारखी पडून राहिली, लोक तिच्या अंगावरून गेले. त्यांनीही ओलांडलंच.

आई. आई असती तर आज म्हणाली असती, बघितलंस ते बरं केलंस. फ्रिमेटला आईची इतकी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं. तुझ्या ठिपक्यांनी मारलं मला. तुला तरी कळायचं का काही? ठिपका असला की तूही गोंधळायचीस, आणि मग मला पिटाळायचीस बशी देऊन. बशीत ते अंडं घेऊन, न सांडता, गल्लीच्या टोकाला, आमच्या धर्मगुरूंच्या, रबायांच्या घरी. आमच्यात असंच होतं, खावं की टाकावं हे बाईने ठरवायचं नाही, रबायांनी सांगायचं. त्यांची बायको तळमजल्याच्या खिडकीतून डोकं काढायची, हात पिठाचे, आणि पोरीच्या बशीकडे न बघताच विचारायची, म्हणजे नवऱ्याला आत सांगायला बरं. कुठल्याही गावचे रबाय असोत, कुठल्याही गल्लीतली बाई बशी घेऊन येवो, पहिला प्रश्न तोच असतो, कारण निवाडा त्यावरच होतो. पिवळ्यावर की पांढऱ्यावर?

फ्रिमेटने हात पिठातून काढले.

तो प्रश्न कुणी ख्रिस्ती बाई विचारणार नाही. तिला सुचणारच नाही. शेजारी ज्यू राहतात म्हणून फार तर एवढं माहीत असेल की रक्ताचं अंडं हे लोक खात नाहीत. पण ठिपका कुठं होता, हे विचारायला लहानपणी बशी घेऊन त्या खिडकीखाली उभं राहावं लागतं. ज्या क्षणी फ्रिमेटचा हात घसरला त्याच क्षणी त्या बाईची जीभ घसरली होती, आणि दोघींनी आपापली चूक तेवढी पाहिली. चोराच्या मनात चांदणं. लांबलचक प्रार्थना, मोठा क्रूस. अगं, एवढी लांब प्रार्थना ख्रिस्ती बाई म्हणते का कधी? भूक लागलेली असते तिला. आणि त्या बाईला आपण काय ऐकवलं? ढेकणं भाजताहेत. मी बरोबर ओळखते. माझ्या डोळ्यांतून सुटत नाहीत.

खुर्चीवर झगा होता आणि सुईत हातभर दोरा होता. खुर्चीच्या पाठीवर झेनोबियाबाईंची करड्या लोकरीची शाल तशीच होती. ती सांगायला गेली नव्हती. ती जीव घेऊन पळाली होती.

फ्रिमेटला इतका आनंद झाला की तिचं तिलाच नवल वाटलं. या सबंध शहरात आपलं कुणी आहे आणि ते आपल्या खिडकीशी बसून शिवत होतं. गाठायची, हाक मारायची, शाल विसरलात म्हणायचं, आणि शाल खांद्यावर घालता घालता कानात आपल्या भाषेतले दोन शब्द टाकायचे. मग ती परत येईल. दोघी मिळून बाबका भाजू. पिठाचे हात एप्रनला पुसत, शाल उचलून ती जिना उतरली. दार उघडंच टाकलं. कुलपाचं तिच्या मनातही आलं नाही.

फाटकाशी ते दोन टोळभैरव होते आणि निळ्या वर्दीतला पोलीस. मधे झेनोबियाबाई. अंगावर नुसता ब्लाउज, डोळे लाल. त्या डोळ्यांवरूनच टोळभैरवांनी धरलं असणार. अशा दिवसांत शहाण्या माणसाने रडून बाहेर पडू नये.

"आणि हे रडं कशाला, मावशी?" टोळभैरवांतला बुटका विचारत होता. "धूर गेला का डोळ्यांत? का कुणी नात्याचं भाजतंय तिकडं?"

"नवऱ्याला जाऊन आज वर्ष झालं," झेनोबियाबाई म्हणाल्या. आवाज ठाम होता.

"मरियेची प्रार्थना म्हणा बघू."

त्यांनी म्हटली. एका दमात, कुठेही न अडखळता, आणि शेवटी क्रूस काढला. वालेंती झाडू टेकून ऐकत होता, त्याने सवयीने तोही काढला. पोलिसाने कागद उलटसुलट करून पाहिले, उजेडाला धरले, घडी केली.

"सोडा रे तिला," तो म्हणाला. "कागद ठीक आहेत. जा बाई घरी. आणि तोंड धुवा आधी."

तो कागद परत देत होता. झेनोबियाबाईंनी हात पुढे केला होता. फ्रिमेट अंगणाच्या मध्यावर होती. सुटली, सुटली, असं तिचं काळीज म्हणत होतं, आणि त्याच भरात ती ओरडली, "झेनोबियाबाई, थांबा. थांबा जरा."

त्यांनी मागे पाहिलं. धावत येणारी काझिया त्यांना दिसली, पिठाने बरबटलेली, धापा टाकणारी, हात पुढे केलेली. त्यांचा चेहरा एकदम रिकामा झाला. तसे चेहरे फ्रिमेटने मालगाड्यांपाशी पाहिले होते, घासाघीस संपलेल्या माणसांचे.

"आलीस?" झेनोबियाबाई म्हणाल्या. "सांग. सांग त्यांना एकदाचं."

पोलीस फ्रिमेटकडे बघायला लागला. टोळभैरवही. ते दोन शब्द तिच्या जिभेवर होते, दोनच, आणि ते ऐकायला चार माणसं हाताच्या अंतरावर उभी होती. तिने शाल पुढे धरली. नुसती धरली. झेनोबियाबाईंनी शालीकडे पाहिलं, पण त्यांना ती दिसली असावी असं वाटलं नाही. त्यांनी पोलिसाच्या हातातला कागदही घेतला नाही. त्या वळल्या आणि पळाल्या.

पळायचं नसतं. हे तर पोरांनासुद्धा ठाऊक होतं. नाक्यावरच्या जर्मन शिपायाने खांद्यावरची बंदूक उतरवली, सावकाश, घाई नसल्यासारखी. पहिली गोळी भिंतीत गेली आणि विटेचा चुरा उडाला. दुसरीने झेनोबियाबाई पुढे ढकलल्यासारख्या पडल्या, हनुवटीवर, दात आपटल्याचा आवाज फाटकापर्यंत आला. त्या कोपरांवर उठायला बघत होत्या. शिपाई चालत आला, त्याने बुटाने त्यांना उलथी केली आणि तिसरी तोंडात घातली. मोठं कपाळ तेवढं तसंच राहिलं. फुटपाथवर फुलं विकायला बसलेल्या बाईने आपली टोपली उचलून जरा पलीकडे नेऊन ठेवली.

"म्हणजे होतीच," बुटका म्हणाला. "प्रार्थना काय झकास म्हटली सालीने."

पोलिसाला फसल्याचा राग आला होता. त्याने फ्रिमेटला दंडाला धरलं. "तू काय सांगायला आली होतीस ग?"

"काही नाही, साहेब. शाल विसरल्या होत्या."

"मग ती पळाली कशाला?"

"मला काय ठाऊक. शिवायला यायच्या आमच्याकडं."

त्याने तिच्याकडे पाहिलं, पिठाच्या हातांकडे पाहिलं, आणि दंड सोडला. शाल तिच्या हातातून काढून घेऊन त्याने बोटांनी लोकर चाचपली आणि बगलेत मारली. वालेंती म्हणाला, "वर जा काझिया, बघत काय बसलीस? सणाचं पीठ फुगून जमिनीवर येईल."

"जाते," ती म्हणाली.

ती जिना चढायला लागली. एका हाताने कठडा धरला होता. पहिल्या मजल्यावर कुणाच्या तरी घरात मांस भाजल्याचा वास होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला कळलं की छातीवरचं ओझं उतरलं आहे आणि श्वास नीट येतो आहे, सकाळपासून पहिल्यांदाच. कारण आता या घरात, या इमारतीत, तिचा हात बघून तिला ओळखील असं कुणीही उरलं नव्हतं. तिला बरं वाटत होतं. आपल्याला बरं वाटतं आहे, हे कळलं तेव्हा ती जिन्यातच खाली बसली.